चुंबक एकच, मग मोठा डाग काळा आणि बारीक ठिपका लख्ख का?

मागच्या वेळी या सदरात सौरडाग काळे का दिसतात ते सांगितलं होतं. थोडक्यात असं, की डागात चुंबकीय क्षेत्र इतकं जोरकस असतं की खालून उकळत वर येणारा गरम वायू अडतो, उष्णता कमी पोचते, जागा थंड पडते आणि भोवतालच्या साधारण ५,८०० केल्विनच्या शेजारी ४,००० केल्विनची जागा आपल्याला काळी वाटते. त्यावर बरेच प्रश्न आले आणि त्यातले बहुतेक फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, म्हणून आजची सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न: माझ्याकडे छोटा टेलिस्कोप आहे, पुढच्या तोंडाला चांगला सोलर फिल्टर लावून मी सूर्य बघतो. सूर्याच्या कडेजवळ, डागांच्या आसपास, पांढरट फाटक्या जाळीसारखे पट्टे दिसतात. तेच पट्टे सूर्य फिरून पाचसहा दिवसांनी मध्याकडे आले की गायब होतात, डाग मात्र तसाच दिसतो. त्या पांढऱ्या भागात पण चुंबकीय क्षेत्रच असतं असं वाचलं. मग डागात चुंबक म्हणून काळं आणि इथे चुंबक म्हणून पांढरं, हे कसं काय?

उत्तर: हे पांढरे पट्टे म्हणजे फॅक्युला, लॅटिनमध्ये अर्थ छोटी मशाल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला टेलिस्कोप पहिल्यांदा सूर्याकडे वळले तेव्हापासून ते माहीत आहेत, म्हणजे टेलिस्कोपमधून डाग बघायला लागलो तेव्हापासूनच, तरी सगळं कौतुक डागांच्या वाट्याला गेलं. तुमच्या निरीक्षणात खरं तर दोन कोडी आहेत, एक म्हणजे चुंबक असून उजळ का, आणि दुसरं, उजळ आहे तर कडेलाच का दिसतं, मध्यावर का नाही. दोन्हींची किल्ली एकच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सूर्याला पृष्ठभाग असा नाहीच, ज्याला आपण पृष्ठभाग म्हणतो तो धुक्यासारखा प्रकार आहे. धुक्यात उभं राहिलं की थोड्या अंतरापर्यंत दिसतं आणि पुढे पांढरी भिंत, पण ती भिंत खरी नसते, आपण चार पावलं गेलो की ती पण चार पावलं सरकते. सूर्यात पण आपली नजर वायूत शिरते आणि जिथे वायू इतका अपारदर्शक होतो की तिथला प्रकाश सरळ बाहेर निसटूच शकत नाही, तिथे थांबते, ती पातळी म्हणजे आपला पृष्ठभाग. वायू विरळ असेल तर नजर खोल जाणार, दाट असेल तर वरच अडणार. आणि त्या पातळीच्या खाली तापमान झपाट्याने वाढत जातं, हे पण लक्षात असू द्या.

आता तिथे सतत चालू काय असतं, तर उकळणं. चांगल्या टेलिस्कोपमधून सगळा सूर्य दाणेदार दिसतो, एकेक दाणा म्हणजे ग्रॅन्यूल, साधारण हजार ते दीड हजार किलोमीटरचा. मधून गरम वायू वर येतो, बाजूला पसरतो, उष्णता अवकाशात सोडून थंड होतो आणि दोन दाण्यांमधल्या काळपट चिरांमधून परत खाली जातो, पाचदहा मिनिटांत एक दाणा संपतो आणि त्या जागी दुसरा. हा वायू विजेचा वाहक असल्यामुळे चुंबकीय रेषा त्याच्याबरोबर वाहत जातात, आणि ढकलल्या जात जात त्या नेमक्या त्या चिरांमध्ये जाऊन जमतात, वाहत्या पाण्यावरचा पालापाचोळा कोपऱ्यात जमतो ना, अगदी तसं. तिथला वायू खाली घसरत असतो, त्यामुळे रेषांची जुडी आतून रिकामी होत जाते, बाहेरचा दाब तिला आवळतो, आवळली की क्षेत्र आणखी तीव्र, आणि शेवटी शंभर-दोनशे किलोमीटर जाडीची उभी नळी तयार होते, जिच्यात क्षेत्र हजार ते दीड हजार गॉस असतं.

दीड हजार गॉस म्हणजे किती? पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, पण दवाखान्यातलं नेहमीचं एमआरआय मशीन १५,००० गॉसचं असतं, म्हणजे आकडा काही अचाट नाहीये. गंमत सूर्याच्या वायूत आहे. त्या पातळीवर वायूचा दाब फारच कमी, आपल्या समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच, आणि दीड हजार गॉस क्षेत्राचा स्वतःचा दाब पण जवळपास तेवढाच भरतो. नळीच्या आत चुंबकाचा दाब आणि वायूचा दाब मिळून बाहेरच्या वायूशी तोल साधायचा असतो, त्यातला मोठा वाटा चुंबकाने उचलला की वायूच्या वाट्याला थोडंच उरतं. म्हणून नळीतला वायू विरळ, विरळ म्हणून पारदर्शक, पारदर्शक म्हणून नजर तिथे शंभर-दोनशे किलोमीटर जास्त खोल जाते. सूर्याच्या पृष्ठभागाला तिथे खड्डा पडला असं समजा.

(असा खड्डा डागात पण असतो, आणखी खोल, पाचशे किलोमीटरच्या आसपास. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सनने तो १७६९ मध्येच ओळखला, डाग कडेकडे सरकताना बशीसारखा खोलगट दिसतो हे बघून. डागात चुंबकीय क्षेत्र आहे हे कळायला मात्र १९०८ साल उजाडावं लागलं, तेव्हा जॉर्ज एलरी हेल यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून डागातल्या वर्णरेषा, म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा, फुटलेल्या पाहिल्या, आणि त्या चुंबकीय क्षेत्रामुळे फुटतात. खड्डा आधी सापडला आणि तो कशाने पडला ते जवळजवळ १४० वर्षांनी, मला ही गोष्ट फार भारी वाटते.)

आता तुमचं पहिलं कोडं. चुंबकीय नळी बारीक असो की डागाएवढी रुंद, आतलं उकळणं दोन्हीकडे अडतं, खालून येणारी उष्णता दोन्हीकडे कमी होते. इथपर्यंत दोघांची गोष्ट सारखीच. पण खड्ड्याला भिंती असतात, आणि त्या भिंतींच्या पलीकडे नेहमीचा उकळता वायू असतो, तो पण खोलवरचा, म्हणजे जास्त गरम. भिंती आतल्या बाजूला प्रकाश फेकत असतात. हा बाजूने येणारा प्रकाश वायूत किती आतपर्यंत पोचतो, तर त्या पातळीवर साधारण शंभरेक किलोमीटर. नळीच दीडशे किलोमीटरची असेल तर सगळी नळी भिंतींच्या उबेत आली, कुठलाही कोपरा सुटत नाही, तळापर्यंत लख्ख. डाग असतो हजारो किलोमीटर रुंद, त्याच्या भिंतींची ऊब काठावरच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्टीत संपते आणि मधला सगळा भाग खालून उपाशी, बाजूनेही उपाशी, तो काळाच राहणार. म्हणजे चुंबक दोन्हीकडे एकच काम करतं, फक्त रुंदीने निकाल उलटा लागतो.

आणि दुसरं कोडं, कडेलाच का. सूर्याच्या मध्यावर आपण नळीत सरळ वरून खाली बघतो. वरून नळी म्हणजे एक बारीक ठिपका, तो उजळ असतोच, पण तो बसलेला असतो काळपट चिरेत, आणि छोट्या टेलिस्कोपला ठिपका वेगळा आणि चीर वेगळी दिसत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळून सरासरी भोवतालाइतकीच येते, म्हणून तुम्हाला वाटतं गायब झालं. कडेजवळ आपली नजर तिरकी पडते. विरळ नळीतून ती आडवी आरपार जाते आणि पलीकडच्या भिंतीवर, म्हणजे पलीकडच्या ग्रॅन्यूलच्या गरम कुशीवर जाऊन थांबते. एरवी जी कूस आपल्याला दिसलीच नसती ती आता उघडी पडलेली असते. त्यातच सूर्याची कड मुळात मध्यापेक्षा मंद, त्यामुळे ही उजळ कूस आणखी उठून दिसते. उलट अगदी ऐन कडेला गेलं की पुढचे दाणे नळ्यांना झाकायला लागतात. तुम्ही ज्याला फाटकी जाळी म्हणता ती अशा असंख्य भिंतींची मिळून झालेली आहे.

ही गरम भिंतींची कल्पना हेंक स्प्राउट यांनी १९७६ साली गणित करून मांडली, तेव्हा एकेक भिंत दाखवू शकेल असा टेलिस्कोप नव्हता. २००४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी कॉम्प्युटरवर सूर्याचा छोटा तुकडा उकळवून, त्यात चुंबकीय क्षेत्र घालून, तो तिरका करून बघितला तर अगदी ला पाल्मा बेटावरच्या टेलिस्कोपमधून दिसतात तसेच फॅक्युला उमटले, त्यात प्रत्येक उजळ कुशीच्या अलीकडे, सूर्याच्या मध्याच्या बाजूला, असणारी बारीक काळी रेघसुद्धा आली.

प्रश्न: मी अकरावीत आहे. एवढं लांब सांगण्यापेक्षा चुंबकामुळे तिथला वायू तापतो म्हणून तो उजळ दिसतो असं सरळ म्हणलं तर काय चुकलं?

उत्तर: चुकतं, आणि का चुकतं हे समजलं की सगळा विषयच समजला, म्हणून तुझा प्रश्न मला फार आवडला. एक प्रयोग मनात कर. नळीच्या आतला एक बिंदू घे आणि बाहेरचा त्याच खोलीवरचा बिंदू घे. आपली नजर नळीत जिथे थांबते त्या खोलीवर बाहेरचा वायू आतल्यापेक्षा जास्त गरम असतो, आत उकळणं अडलंय ना! पण बाहेरचा तो गरम वायू आपल्याला दिसतच नाही, त्याच्यावर दाट वायूचं पांघरूण आहे, आपल्याला बाहेर दिसतो तो वरचा थर. म्हणजे आपण तुलना करतोय ती नळीतल्या खोल थराची आणि बाहेरच्या उथळ थराची, आणि खोल थर, थोडा थंडावलेला असला तरी, उथळ थरापेक्षा गरम निघतो. म्हणजे चुंबकाने भट्टी पेटवली नाही, पांघरुणाला भोक पाडलं.

आता यात एक पुरवणी आहे, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. नळीच्या वरच्या भागात, आपल्या नेहमीच्या पृष्ठभागाच्या थोडं वर, आतला वायू बाहेरच्या त्याच उंचीवरच्या वायूपेक्षा खरोखर गरम असतो, कारण त्याला खालच्या तळाचा आणि भिंतींचा प्रकाश मिळतो. आणि त्याच्याही वर, क्रोमोस्फिअर नावाच्या सूर्याच्या वरच्या थरात, म्हणजे कॅल्शियमच्या जांभळ्या प्रकाशात सूर्य बघितला की डागांभोवती जे मोठे पांढरे ढग दिसतात, ज्यांना प्लाज म्हणतात, तिथे चुंबकीय रेषांवरून वर जाणारी ऊर्जा वायूला तापवते, ते खरं तापणं. म्हणून कोणी फॅक्युला आणि प्लाज एकच म्हणालं तर जागा तीच, रेषा त्याच, पण उजळण्याचं कारण उंचीनुसार बदलतं हे ध्यानात ठेव.

प्रश्न: मग नक्की किती किलोमीटरला ठिपका पांढऱ्याचा काळा होतो?

उत्तर: एक आकडा देता येत नाही कारण बदल हळूहळू होतो. शंभर-दोनशे किलोमीटरचे ठिपके उजळ, काही शे किलोमीटरला गेलं की मध्यभाग मंदावायला लागतो आणि कडांवर उजळ किनार उरते, आणि हजार किलोमीटरच्या पुढे गेलं की सरळ काळं, त्याला पोअर म्हणतात, म्हणजे पेनम्ब्रा, डागाभोवतीची फिकट किनार, नसलेला छोटा डागच.

पण रुंदीइतकंच शेजाऱ्यांना पण महत्त्व आहे, आणि हे मला सांगावंसं वाटतं कारण साध्या वर्णनात हे गळून जातं. शांत सूर्यावर एखादी नळी एकटीदुकटी उभी असते, तिच्या चारी बाजूंना जोमाने उकळणारे दाणे असतात, भिंती खणखणीत गरम. डागांच्या आसपास अशा नळ्यांची दाटी असते, दाटीमुळे मधल्या वायूचं उकळणं पण मंदावतं, दाणे लहान आणि सुस्त होतात आणि भिंतींनाच उष्णता कमी मिळते, त्यामुळे तितकंच क्षेत्र असूनही दाटीतली नळी एकट्या नळीपेक्षा फिकी दिसते. हे जपानच्या हिनोदे उपग्रहाच्या मोजणीत स्पष्ट दिसलं.

दुसरी भानगड मोजण्याची आहे. प्रत्येक जागेचं चुंबकीय क्षेत्र आडव्या अक्षावर आणि उजळपणा उभ्या अक्षावर मांडला तर आलेख आधी खाली जातो, कारण मंद क्षेत्र काळपट चिरांमध्येच असतं, मग वर चढतो, आणि क्षेत्र आणखी वाढलं की परत खाली वळतो. आता हे शेवटचं खाली वळणं सूर्याचं की टेलिस्कोपचं? टेलिस्कोप धूसर असला तर बारीक लख्ख ठिपका पसरून मंद होतो आणि त्याचं क्षेत्र पण कमी मोजलं जातं, मग मोठ्या क्षेत्राच्या खान्यात उरतात फक्त रुंद काळपट पोअर. शांत सूर्याचे जास्त बारकाईने फोटो काढल्यावर तो खाली वळणारा भाग नाहीसा होऊन आलेख सपाट होत जातो असं दिसलं. म्हणजे जे सूर्याचं लक्षण वाटत होतं त्यातलं बरंच धूसरपणाचं होतं. एखादा आलेख हातात आला की आधी विचारायचं, किती बारीक दिसत होतं?

प्रश्न: इतक्या लांबून शंभर किलोमीटरची गोष्ट दिसते तरी कशी?

उत्तर: सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब, तिथली १०० किलोमीटरची वस्तू म्हणजे इथे १५ किलोमीटरवरून एक सेंटिमीटरची वस्तू ओळखण्यासारखं आहे. त्यात सूर्य तापवत असलेली आपली हवा सतत थरथरत असते. म्हणून १९७० च्या दशकापर्यंत या ठिपक्यांबद्दल बरंचसं अप्रत्यक्षच कळत होतं. १९७३ मध्ये डन आणि झर्कर यांनी चिरांमध्ये अडकलेले बारीक उजळ धागे आणि ठिपके टिपले, आणि त्याच वर्षी यान स्टेनफ्लो यांनी दोन वर्णरेषांची तुलना करून दाखवलं की क्षेत्र सरासरीत मंद दिसत असलं तरी ते प्रत्यक्षात अगदी छोट्या जागांमध्ये हजार-दोन हजार गॉसने गोळा झालेलं आहे. ठिपके वेगळे न दिसताच त्यांची तीव्रता काढली, हे मला कुठल्याही फोटोपेक्षा कमी वाटत नाही.

मग आरसे मोठे झाले आणि हवेची थरथर तिथल्या तिथे दुरुस्त करणारे लवचिक आरसे आले. ला पाल्मा बेटावरचा एक मीटरचा स्वीडिश टेलिस्कोप निळ्या प्रकाशात शंभर किलोमीटरच्या खाली पोचतो. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरचा इनौये टेलिस्कोप चार मीटरचा, त्याचे पहिले फोटो जानेवारी २०२० मध्ये आले, आणि तो वीसतीस किलोमीटरपर्यंत उतरू शकतो, त्या फोटोंमध्ये चिरांमधले ठिपके नुसत्या डोळ्याने मोजता येतील इतके स्वच्छ आहेत, जरूर शोधून बघा.

अजून एक युक्ती आहे ती रंगाची. ४३० नॅनोमीटरच्या आसपास एक निळा-जांभळा पट्टा आहे, जी-बँड म्हणतात, तिथे सीएच नावाचा कार्बन-हायड्रोजनचा रेणू भरपूर प्रकाश शोषतो. नळीतल्या विरळ आणि गरम वायूत हा रेणू तुटतो, शोषण कमी होतं, म्हणून त्या रंगात ठिपके दुप्पट उठून दिसल्यासारखे वाटतात, आणि म्हणूनच तुम्ही पाहिलेले बहुतेक प्रसिद्ध फोटो जी-बँडमधले असतात.

अतिनील प्रकाशात तर फरक आणखी वाढतो, पण तो आपल्या वातावरणात शोषला जातो. त्यासाठी सनराइझ नावाचा एक मीटरचा टेलिस्कोप चक्क बलूनला बांधून सोडला, पहिल्यांदा जून २००९ मध्ये स्वीडनच्या उत्तरेकडून, मग २०१३ आणि २०२४ मध्ये परत. पहिल्याच उड्डाणात २१४ नॅनोमीटरला काही ठिपके शांत सूर्याच्या सरासरीच्या पाचपट उजळ सापडले. पाचपट! डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात तेच ठिपके काही टक्क्यांपासून फार तर काही दहा टक्क्यांपर्यंत उजळ असतात. याचं कारण असं की तापमानात थोडा फरक पडला तरी अतिनील प्रकाश फार जास्त बदलतो. आपल्या आदित्य-एल१ या सौरयानावर पुण्याच्या आयुका संस्थेने बनवलेला सूट टेलिस्कोप आहे, तो २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सगळा सूर्य बघतो, त्याला एकेक ठिपका वेगळा करता येत नाही पण फॅक्युला आणि प्लाज या पट्ट्यात किती आणि कसे बदलतात याची मोजणी तो करतोय.

प्रश्न: सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात, त्या सौरचक्राच्या शिखरावर डाग जास्त असतात. डाग काळे, म्हणजे तेव्हा सूर्य मंद व्हायला पाहिजे. पण वाचलं की उलट जास्त प्रकाशतो. खरं काय?

उत्तर: जास्त प्रकाशतो हेच खरं, आणि याचं श्रेय या बारीक ठिपक्यांना जातं. सूर्याची एकूण ऊर्जा, आपल्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट, १९७८ पासून उपग्रहांवरून सलग मोजली जातेय. फेब्रुवारी १९८० मध्ये सोडलेल्या सोलर मॅक्सिमम मिशन या उपग्रहाच्या मोजणीत दिसलं की मोठा डागसमूह समोरून जातो तेव्हा काही दिवसांसाठी ही ऊर्जा घसरते, अगदी मोठा समूह असेल तर ०.३ टक्क्यांपर्यंत. तेव्हा डाग अंधार करतात हे बरोबर. पण अकरा वर्षांचं चक्र पूर्ण बघितलं तर शिखरावरची सरासरी तळापेक्षा साधारण ०.१ टक्का जास्तच भरते.

कारण डाग थोडे आणि गडद, ठिपके फिके पण अतोनात. डाग काही दिवस किंवा आठवडे टिकतो, तुटतो, आणि तुटताना त्याचं क्षेत्र बारीक बारीक नळ्यांमध्ये विखुरतं, त्या मग महिनोन्‌महिने सूर्यभर पसरत राहतात. एकाच क्षेत्राचं आयुष्य आहे ते, एकत्र असताना अंधार करतं आणि विखुरल्यावर उजेड, आणि विखुरलेला काळ जास्त मोठा. पूर्ण चक्राचा हिशेब केला की उजेडाची बाजू जड.

यावरून पुढचा प्रश्न येतो, डागाने अडवलेली उष्णता जाते कुठे आणि ठिपक्यांना जास्तीची मिळते कुठून? डागाखाली अडलेली उष्णता शेजारून लगेच उसळून बाहेर येत नाही, सूर्याचा उकळता थर दोन लाख किलोमीटर जाड आहे, त्यात ती मुरते आणि जिरते, त्या थराची साठवण इतकी अवाढव्य आहे की त्याला याचा पत्ताही लागत नाही. ठिपक्यांचं बरोबर उलटं. पृष्ठभागावर जागोजागी खड्डे पडले म्हणजे बाहेर प्रकाश फेकणारं क्षेत्रफळच वाढलं, आणि त्या खड्ड्यांच्या भिंतींमधून सूर्याच्या साठ्यातली उष्णता थोडी थोडी पाझरून जाते. एकीकडे बूच, एकीकडे गळती.

याच प्रश्नाला जोडून एकाने विचारलंय की मग पृथ्वीचं तापमान यानेच वाढतंय का. नाही. ०.१ टक्क्याचा चढउतार दर अकरा वर्षांनी वर जातो आणि परत खाली येतो, उपग्रहांच्या मोजणीत १९७८ पासून सूर्याची ऊर्जा वाढत गेल्याचं दिसत नाही, आणि पृथ्वी याच काळात सतत तापत गेली. अतिनील भागात मात्र चढउतार जास्त, लायमन-अल्फा या एका रंगात तर चक्राच्या शिखरावर दीडपटीहूनही जास्त, त्याचा परिणाम आपल्या वरच्या वातावरणावर आणि ओझोनवर होतो, तो अभ्यासाचा खरा विषय आहे.

प्रश्न: बाकीच्या ताऱ्यांवर पण असंच असतं का?

उत्तर: चुंबकीय क्षेत्र आहे तिथे डाग आणि फॅक्युला दोन्ही असतात, पण पारडं बदलतं. सूर्यासारखे वयस्क, हळू फिरणारे तारे चुंबकीय जोर वाढला की उजळतात, आणि तरुण, वेगाने फिरणारे तारे जोर वाढला की मंदावतात, कारण त्यांच्यावर क्षेत्र मोठ्या डागांमध्येच अडकून राहतं. सूर्य पण तरुणपणी बहुधा असाच डागांच्या बाजूला झुकलेला असणार.

प्रश्न: माझ्या ८० मिलिमीटरच्या टेलिस्कोपमधून एखादा ठिपका सुटा दिसेल का?

उत्तर: सुटा नाही दिसणार, तुमच्या आरशाची किंवा भिंगाची ताकद सूर्यावर हजारेक किलोमीटरला संपते. पण घोळका नक्की दिसेल. फिल्टर टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडालाच लावायचा, आयपीसकडे लावायचा फिल्टर उष्णतेने तडकतो आणि डोळा कायमचा जातो, त्यात अजिबात तडजोड नको, आणि दर वेळी लावायच्या आधी फिल्टर उजेडात धरून ओरखडे, भोकं बघून घ्या. हवा सकाळी जास्त शांत असते तेव्हा बघा. पूर्वेची कड आधी तपासा, तिथे डागाशिवाय नुसताच पांढरा पट्टा दिसला तर वहीत त्याची जागा काढून ठेवा, बऱ्याचदा त्याच्या मागोमाग दोनतीन दिवसांत डाग कडेवरून आत येतो. आणि नाहीच आला तर तो पट्टा जुन्या, विरघळून गेलेल्या डागाचा असू शकतो, मग रोज त्याचं चित्र काढत राहा आणि मध्याकडे येताना नेमका कुठे दिसेनासा होतो ती जागा टिपून ठेवा.